बर्नर उद्या येणार आहे

फणसळकर म्हणाले, "तीन दिवस कशाला?
एक चूल काढायची, दुसरी लावायची.
तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू,
वऱ्हाड उतरणार पहाटे चारला,
आणि ग्वाल्हेरची थंडी तुम्हाला मी सांगायची?"
मी म्हटलं, बर्नर लावायला तास पुरतो.
तीन दिवस आहेत ते त्याच्या आधीचे.

लष्करातल्या कार्यालयाच्या मागे बंबखोली.
विटांत कंबरेपर्यंत बसवलेला तो,
काळा, रुंद, झाकण किंचित वाकडं.
गेंदालाल बत्तीस हिवाळे त्याला लाकडं भरवतोय.
त्याला 'दाऊ' म्हणतो,
नव्या माणसाला आधी दाऊच्या पाया पडायला लावतो.
मीही पडलो. वाकल्याशिवाय
राखेचं दार दिसतच नाही.

अकरा घमेली राख.
मग जाळी सोडवली, आत डोकं घातलं,
विटा एकेक ठोकल्या.
धड वीट ठण्ण म्हणते, भेगाळलेली भद्द.
सात म्हणाल्या भद्द.
त्या बदलेपर्यंत दिवस मावळला.

दुसऱ्या दिवशी वर चढलो
तर सेफ्टी व्हॉल्व्ह तारेनं बांधलेला.
"टपकता था," गेंदालाल जमिनीकडे बघत म्हणाला.
किती वर्षं?
तो बोटं मोजू लागला आणि मध्येच थांबला.
मी काही बोललो नाही.
तार खिशात टाकली, नवा व्हॉल्व्ह मागवला.
दाऊ इतकी वर्षं श्वास रोखून
लोकांना न्हाऊ घालत होता.

खिडकी विटांनी बुजवलेली, थंडी येते म्हणून.
ती फोडली. जमिनीलगत दुसरी जाळी पाडली,
कारण हा गॅस धुरासारखा वर जात नाही,
तो खाली बसतो, पाहुण्यासारखा,
उठायचं नाव घेत नाही.
टाक्या बाहेर, कट्ट्यावर, मोरीपासून लांब.
फणसळकर म्हणाले, "उगाच खर्च."

गॅस अजून अंगणातही आला नव्हता
म्हणून उदबत्ती लावली, धुराड्याच्या तोंडाशी धरली.
धूर आत गेला, थबकला,
आणि माघारी फिरून माझ्या डोळ्यांत.

वरच्या कोपरात साळुंकीचं घरटं होतं.
रिकामं. पिल्लं केव्हाच उडालेली.
काड्या, सुतळी, आहेराच्या पाकिटाचा सोनेरी कागद,
कुणाच्या तरी शालूची जर,
आणि मधोमध, गुंडाळून ठेवल्यासारखी,
मुंडावळीची एक सर.
उन्हाळ्यातल्या कुठल्या लग्नातली, कुणास ठाऊक.

लाकूड असतं तर खोकवलं असतं,
डोळे चोळत माणसं बाहेर पळाली असती.
लाकूड बोंबलून सांगतं.
गॅसची ज्योत कोंडली की तिच्यातून निघतं
त्याला रंग नाही, वास नाही,
फक्त झोप येते.
भिंतीपलीकडे नवरीकडच्यांची न्हाणीघरं.
मी हे फणसळकरांना सांगितलं.
ते घरटं हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले,
खर्चाबद्दल पुन्हा बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी नळीत नुसती हवा भरली,
सांध्यासांध्यावर रिठ्याचा फेस.
गेंदालालनं सवयीनं काडेपेटी काढली,
"जलाके देख लेते हैं."
मी ती त्याच्या हातून घेतली.
तिसऱ्या सांध्यावर एक फुगा आला,
मोहरीएवढा, मग हरभऱ्याएवढा.
आवळला. पुन्हा फेस. तासभर काट्याकडे
आम्ही दोघं बघत बसलो. हलला नाही.

"अब मेरा क्या काम?" त्यानं विचारलं.
म्हटलं, ऐकायचं. ज्योत निळी आहे का बघायचं.
वास आला तर?
"बटन को हाथ नहीं लगाना,
पंखा नहीं, बत्ती नहीं. दरवाजे खोलना,
सबको बाहर, फिर बाहर की टंकी बंद."
पुन्हा म्हण.
त्यानं म्हटलं. पुन्हा. मंगलाष्टकं पाठ करावीत तसं,
चुकला तिथे स्वतःच मागे गेला.

संध्याकाळी त्यानं काडेपेटी मागितली.
रस्ता ओलांडून पलीकडे, पानाच्या ठेल्याशी
शांतपणे बिडी ओढली, चपलेखाली विझवली.
परत आला
आणि न मागता काडेपेटी माझ्या हातात ठेवली.